कालिंदीचं चालणं

हिंदमाताच्या सिग्नलला बस थांबली आणि खिडकीशी बसलेल्या चिंतामणीला फुटपाथवरून चालणारी एक बाई दिसली. सकाळची वेळ होती. साड्यांच्या दुकानांची शटरं अजून खाली होती, कोणीतरी फुटपाथ झाडून पाणी मारून ठेवला होता, आणि त्या ओल्या फरशांवरून ही बाई निघाली होती. पाठमोरी. पदर कमरेला खोचलेला, साडी घोट्याच्या जरा वर घेतलेली, पायात निळे-पांढरे स्पोर्ट शूज आणि दोन्ही हात मोकळे. तिला घाई नव्हती, पण ती रेंगाळतही नव्हती. एक पाऊल पडलं की दुसरं आपसूक पुढे यायचं, खांदे सैल, मान सरळ. चिंतामणीच्या मनात आलं, काय सुरेख चालते ही बाई! परक्या बाईबद्दल असं काही वाटून त्याला बरीच वर्षं झाली होती, त्यामुळे तो स्वतःवर थोडा खूशही झाला. मग बस हलली, बाईच्या बरोबरीला आली, जरा पुढे गेली, आणि त्याने मान वळवून चेहरा बघितला तर ती कालिंदी होती. त्याची बायको. आणि ती स्वतःशीच हसत होती.

काच बंद होती, पण उघडी असती तरी त्याने हाक मारली नसती. आधी त्याने काय केलं असेल तर तिच्याबरोबर कोण आहे ते बघितलं. पुढे एक दूधवाला सायकल ढकलत चालला होता, मागे बऱ्याच अंतरावर दोन शाळकरी मुली होत्या. बरोबर कोणीच नव्हतं. म्हणजे ती कोणाच्या बोलण्यावर हसत नव्हती. एखादा पुरुष बरोबर असता तर निदान पुढे काय करायचं ते चिंतामणीला कळलं असतं. माणूस आरडाओरडा करतो, चार लोकांना मध्ये घालतो, जेवणाचं ताट सरकवतो. पण बायको एकटीच रस्त्याने हसत चालली आहे म्हटल्यावर नवऱ्याने करायचं तरी काय? त्यात आज शुक्रवार. कालिंदी चालायची ती मंगळवारी. मंगळवारी, अनवाणी, घोडपदेवहून थेट प्रभादेवीला सिद्धिविनायकापर्यंत, आणि तेही चिंतामणीसाठी. सगळ्या चाळीला हे ठाऊक होतं. तो आदल्या दिवशी दादरला थोरल्या बहिणीकडे, सीमाताईकडे, मुक्कामाला गेला होता. दुपारी जेवून येईन असं कालिंदीला सांगितलं होतं, पण परक्या घरी झोप लागत नाही म्हणून सकाळीच बस धरली. नाहीतर एरवी या वेळेला तो पांघरुणात असायचा. म्हणजे आपण पांघरुणात असताना ही रोज अशी हसत फिरते की काय, असं त्याच्या मनात आलं.

गेल्या वर्षी त्याच्या छातीत कळ आली होती. परळच्या हॉस्पिटलात दोन स्टेंट बसले, आणि बाहेरच्या बाकावर बसून कालिंदी गणपतीला बोलली, हे आपल्या पायांनी घरी आले की मी एकवीस मंगळवार चालीन, पायात चप्पल घालणार नाही. तो आला. ती चालली. पहाटे निघायची, करी रोडचा पूल ओलांडून जायची आणि ऊन चढायच्या आत प्रसाद घेऊन परतायची. चिंतामणी गॅलरीत खुर्ची टाकून बसलेला असायचा. शेजारचा लवू, त्याचा लहानपणापासूनचा मित्र, दात घासता घासता म्हणायचा, "चिंत्या, मेल्या, नशीब काढलंस रे तू. माझी बायको माझ्यासाठी खालच्या वाण्यापर्यंत नाय जायची." चिंतामणी वर्तमानपत्र खाली न घेता नुसता हुंकार द्यायचा. त्याला हे फार आवडायचं. कालिंदीच्या तळपायांना फोड आले तेव्हा त्याला वाईट वाटलं, आणि ते फोड येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायलाही आवडलं. डॉक्टरीणबाईंनी खरं तर त्यालाही रोज चालायला सांगितलं होतं. दोन दिवस तो गॅलरीत या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरला, मग सोडून दिलं. घरातलं एक माणूस त्याच्यासाठी चालत होतंच. हे तो कोणाला बोलून दाखवत नसे, पण मनातून त्याची तशी खात्री होती. वडाला दोरा बायको गुंडाळते आणि आयुष्य नवऱ्याचं वाढतं, हे जर सगळ्या जगाला मान्य आहे, तर पाय बायकोचे आणि हृदय नवऱ्याचं, यात चुकीचं काय?

पण तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी दोघांचेही रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवले होते. त्याची साखर होती तिथेच होती, वजन वाढलं होतं. कालिंदीची साखर उतरली होती, रक्तदाबाची गोळी अर्ध्यावर आली होती. जिना चढताना कुरकुरणारे गुडघे आता बोलत नव्हते. तिची आई गेल्यापासून तिचं मन कशात लागत नसे, मधूनच छाती धडधडायची, झोप यायची नाही. ते सगळं गेलं होतं. आता अंथरुणाला पाठ टेकली की ती झोपायची, आणि चिंतामणी शेजारी जागा राहून तिचा संथ श्वास ऐकत बसायचा. "काका," डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या होत्या, "काकू चालल्या तर काकूंची शुगर उतरणार. तुमची कशी उतरेल?" कालिंदीही हसली होती. चिंतामणीला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नव्हतं. नवस त्याच्या नावाचा होता. पुण्य त्याच्या खात्यावर जमा झालं असेल तर असो, पण प्रकृती सगळी हिच्या अंगाला लागली होती. ही उघड उघड फसवणूक होती आणि ती कोणी केली हे सांगता येत नव्हतं.

कालिंदी घरी आली तेव्हा तो दाराकडे तोंड करून खुर्चीत बसला होता.

"अगंबाई, तुम्ही दुपारी येणार होतात ना? चहा झाला का?"

"कुठे गेली होतीस?"

"चालायला."

"आज शुक्रवार आहे."

"हो. मग?"

"नवस मंगळवारचा आहे."

"नवस गणपतीच्या आधीच फिटला की! पेढे नाही का वाटले आपण? तुम्हीच चार उचललेत, शुगर असून."

पेढे त्याला आठवले. ते कशाचे हे आठवेना. "मग आता कोणासाठी चालतेस?" त्याने विचारलं.

कालिंदी उंबऱ्यात बसून बुटांची नाडी सोडत होती. तिने मान वर करून त्याच्याकडे बघितलं. ती काही लपवत नव्हती. तिला प्रश्नच कळला नव्हता, आणि तेच त्याला जास्त लागलं.

"कोणासाठी म्हणजे? सकाळी जरा बरं वाटतं."

"रोज जातेस?"

"रोज. तुम्ही झोपलेले असता."

"मला सांगितलं नाहीस."

"तुम्ही विचारलंत कुठे?" असं म्हणून तिने बूट उचलून खाटेखाली सारले आणि ती चहा टाकायला गेली. बूट अनुजाचे होते, त्यांच्या मुलीचे. लग्न करून ठाण्याला जाताना ती टाकून गेलेली. म्हणजे बूटही घरातलेच होते, खाटही तीच, तिच्यावर तो रोज झोपत होता आणि त्याला पत्ता नव्हता.

बरं वाटतं. हे शब्द त्याच्या डोक्यातून जाईनात. गेली कित्येक वर्षं तो या बाईला ओळखत होता आणि तिला कशाने बरं वाटतं हे त्याने कधी तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं. लग्नानंतर दर रविवारी ते गिरगावात अप्पांकडे, त्याच्या काकांकडे, जायचे. चर्नी रोडला उतरून चालत. त्यांच्या घराण्यात पुरुष पुढे चालायचे. त्याचे वडील गिरणीत होते, तेही पुढे चालायचे आणि आई चार पावलं मागे. त्यात कोणाचा कमीपणा नव्हता, तशी पद्धत होती. चिंतामणी हात मागे बांधून पुढे निघायचा, गल्लीच्या तोंडाशी थांबायचा, वैतागून मागे बघायचा आणि कालिंदी समोरून यायची. कपाळावर घाम, केस चिकटलेले, श्वास लागलेला. "आमची ही म्हणजे बैलगाडी," तो अप्पांकडे गेल्या गेल्या सांगायचा आणि सगळे हसायचे, कालिंदीसुद्धा. आता बसून तो आठवू लागला तेव्हा त्याला कळलं की इतक्या वर्षांत आपण हिला पाठमोरी चालताना कधी बघितलंच नाही. हिचा फक्त दमलेला चेहरा बघितला. हातात दोन पिशव्या असायच्या, कडेवर अनुजा असायची, हे खरं. पण म्हणून काय झालं? तिने तेव्हा सांगायचं होतं की मला असं चालता येतं. एका खोलीत आयुष्य काढून माणसाने अशी गोष्ट दडवून ठेवावी? आणि ती दाखवली कोणाला, तर हिंदमाताच्या बंद दुकानांना.

दुसऱ्या दिवसापासून तो पहाटे जागा राहू लागला, पण डोळे मिटून. खाटेखालून बूट ओढल्याचा आवाज यायचा, मग नाडीची सळसळ, मग दाराची कडी अगदी हळू, त्याची झोप मोडू नये म्हणून. त्या हळूपणाचाही त्याला राग यायचा. ती गेली की खोली एकदम मोठी व्हायची आणि तो तिच्या मागून मनाने निघायचा. आता काळाचौकी आली असेल, आता लालबाग. परत आली की ती सांगायची, "आज मसाल्याच्या दुकानाशी मिरच्या कांडत होते, नुसती शिंकत सुटले मी." किंवा, "चिंचपोकळीला त्या मूर्तिकारांच्या कारखान्यात मूर्तीचे डोळे रंगवत होते, बघत उभी राहिले." पूर्वीही ती असंच काहीबाही सांगायची आणि तो वर्तमानपत्रातून मान वर काढायचा नाही. आता तो एक एक शब्द टिपून घ्यायचा आणि दिवसभर चघळायचा. परळच्या नाक्यावरचा कोणी राजेश फुलवाला तिला म्हणे विचारतो, काकू, आज उशीर? या राजेशला तिच्या उशिराचं काय पडलं होतं? चौकशी केल्यावर कळलं की तो मिसरूड फुटलेला पोरगा आहे, तेव्हा जीव भांड्यात पडायला हवा होता. पडला नाही. राजेशचा त्याला हेवा वाटतच नव्हता. हेवा रस्त्याचा वाटत होता, ज्याला काही न मागता ती रोज मिळत होती. आणि सगळ्यात जास्त हेवा तिचाच. या वयात, याच चाळीत, याच वरणभातावर, हिला एकटीला स्वतःशी हसण्यासारखं काय सापडलं?

"चला की तुम्हीपण," ती एकदा म्हणाली. "हळूहळू जाऊ. डॉक्टरांनी सांगितलंच आहे."

तो गेला. चप्पल घालून, हात मागे बांधून, सवयीप्रमाणे पुढे. गल्ली संपायच्या आत ती बरोबरीला आली, आणि मग नकळत पुढे गेली. नकळतच, कारण भानावर आल्यावर ती लगेच थांबली. पुढच्या वळणावरही थांबली. तो धापा टाकत पोचेपर्यंत ती कडेला उभी राहून समोर लांबवर बघत होती, आणि तो आला तेव्हा अगदी मायेने म्हणाली, "बसू या का जरा?" वैतागली नाही. वैतागली असती तर त्याला सोसलं असतं. ती त्याच्यासाठी आपला वेग आवरून धरत होती, आणि तिचे पाय मात्र उभ्या उभ्या चुळबुळत होते. काळाचौकीच्या अलीकडेच त्यांनी कटिंग चहा घेतला आणि परतले. त्यानंतर त्याने पोटरीत गोळा येतो असं सांगितलं. ती पुन्हा एकटी जाऊ लागली, आणि ज्या सुटकेने गेली ती त्याला मिटल्या डोळ्यांनी दिसली.

त्याच आठवड्यात एका सकाळी ती उंबऱ्यात बसून नाडी बांधत असताना त्याने छातीवर हात ठेवला. आपण ठरवून काही केलं नाही असं तो नंतर स्वतःला सांगणार होता, पण हात ठेवण्याआधी ती बघते आहे ना हे त्याने डोळे किलकिले करून बघून घेतलं होतं.

"काय हो? काय होतंय?"

"काही नाही. जरा जड वाटतंय. तू जा."

ती कसली जाते! तिचा चेहरा पांढराफटक पडला. एका पायात बूट तसाच, ती धावत खाटेशी आली, त्याची छाती चोळू लागली, जिभेखालची गोळी शोधू लागली. चिंतामणीला लाज वाटली, नाही असं नाही. पण त्या लाजेच्या खाली एक ऊबदार सुख होतं, आणि ते इतकं जुनं, इतकं ओळखीचं होतं की त्याला हात काढून घेववेना. हॉस्पिटलात जाऊ या म्हणून ती मागे लागली, तर तो म्हणाला, गॅस असेल, बघू दुपारपर्यंत. मग ती देव्हाऱ्यापुढे जाऊन उभी राहिली. बराच वेळ. ओठ हलत होते. चिंतामणी खाटेवरून बघत होता आणि त्याला मनापासून समाधान वाटलं. ती पुन्हा बोलते आहे. म्हणजे पुन्हा मंगळवार, पुन्हा अनवाणी पाय. चालू दे खुशाल, पण आता ती चालेल ती त्याच्यासाठी, आणि बरं वाटतं बिरं वाटतं ही भाषा बंद.

पुढचे काही दिवस ती घराबाहेर पडली नाही. तो अधूनमधून छातीवर हात ठेवायचा, रोज नाही, ती खिडकीतून बाहेर बघत उभी राहिली की मात्र हमखास. ती खाटेशी यायची, विचारायची, त्याच्या कपाळाला हात लावून बघायची. अनुजाचं लग्न झाल्यापासून त्याच्याकडे कोणी इतकं लक्ष दिलं नव्हतं. हळूहळू पूर्वीची कालिंदी परत आली. उठताना गुडघ्यांवर हात टेकू लागली, दुपारी डोकं धरून बसू लागली, कुकरची शिटी जास्त झाली म्हणून स्वतःवरच चिडू लागली. काही सांगेनाशी झाली, कारण सांगण्यासारखं तिला काही दिसतच नव्हतं. ही बाई त्याच्या ओळखीची होती. हिच्याबरोबर त्याने संसार केला होता. पण तिची झोप पुन्हा उडाली, आणि आता दोघेही अंधारात डोळे उघडे ठेवून पडून राहू लागले, तेव्हा आपण मिळवलं ते नेमकं काय, हे त्याला नीट सांगता आलं नसतं. शेवटी लवूनेच तोंड उघडलं. "चिंत्या, वहिनींचा चेहरा बघितलास काय? तुझ्या गॅसपायी ती बाई आटत चाललीय. ऊठ मेल्या, टॅक्सी आणतो." आणि दोघांनी मिळून त्याला परळला नेलं.

सगळं तपासलं. ईसीजीची पट्टी काढली, सोनोग्राफीसारखं काहीतरी छातीवर फिरवलं, रक्त घेतलं. डॉक्टरीणबाईंनी कागद खालीवर केले आणि म्हणाल्या, "काका, हृदय उत्तम आहे. काही म्हणजे काही नाही. तुम्हाला एकच औषध, चाला." कालिंदीने तिथल्या तिथे हात जोडले. डॉक्टरांना नव्हे, भिंतीला, जिच्या पलीकडे कुठेतरी प्रभादेवी होती. लवू कामाला उशीर होतो म्हणून पुढे निघून गेला. हे दोघे बसस्टॉपवर येऊन उभे राहिले. स्वच्छ ऊन पडलं होतं, फुटपाथवरून माणसं चालली होती, आणि चिंतामणी मोठ्या मनाचा झाला होता.

"मग?" तो म्हणाला. "येत्या मंगळवारपासून पुन्हा सुरू का?"

"काय?"

"चालणं. बोललीस ना देवापुढे. मी बघितलं."

कालिंदी समोरच्या रस्त्याकडे बघत होती. "चालण्याचं नाही बोलले. सोडण्याचं बोलले."

"म्हणजे?"

"आमच्या आईने भावाच्या टायफॉइडला बांगडा सोडला होता. मरेपर्यंत तोंडात घातला नाही. आपल्या जिवाला सगळ्यात आवडतं ते सोडायचं, मग देव ऐकतो. मी विचार करत उभी राहिले, माझ्याकडे सोडण्यासारखं आहे काय? मासे तर तसेही तुमच्यासाठी बंदच केलेत. मग म्हटलं, चालणं. यांना काही निघालं नाही तर पुन्हा चालायला जाणार नाही." तिने आपल्या पायातल्या चपलांकडे बघितलं. "शूज चाळीतल्या शांताच्या सुनेला देऊन टाकले. तिला बसले."

मागितलं होतं त्याहून जास्त चिंतामणीच्या पदरात पडलं होतं. या बाईच्या जिवाला सगळ्यात आवडतं ते एका पारड्यात आणि तो दुसऱ्या पारड्यात, आणि त्याचं पारडं खाली गेलं होतं. आनंद व्हायला हवा होता. आणि तो थोडा झालाही, हे त्याला स्वतःपासून लपवता आलं नाही.

"अहो," कालिंदी म्हणाली. आता ती त्याच्याकडे वळली होती. "खरंच दुखत होतं ना?"

त्यात संशय नव्हता. संशय असता तर तो चिडू शकला असता. तिच्या डोळ्यांत होती ती आशा. दुखतच नव्हतं तर देवाने काही बरं केलंच नव्हतं, आणि मग देवाला काही देणंही लागत नव्हतं. त्याने नुसतं नाही म्हणायचं होतं. ती संतापली असती, महिनाभर बोलली नसती, चाळीत तोंड दाखवायला जागा राहिली नसती. पण ती इथून, या स्टॉपवरूनच, पायी घरी निघाली असती. आपला नवरा खोटारडा निघावा असं या क्षणी तिला मनापासून वाटत होतं. लग्न झाल्यापासून तिने त्याच्याकडून कसलीच गोष्ट इतकी आसुसून मागितली नव्हती. आणि ती त्याच्यासाठी नव्हती.

"दुखत होतं," चिंतामणी म्हणाला. "खूप दुखत होतं."

कालिंदीने मान हलवली. मग बस आली, आणि ती गुडघ्यावर हात टेकून त्याच्या मागोमाग चढली.